पुण्याला मुख्यालय कशाला हवे आहे?

इन्फोसिस पुण्यात सुरू झाली, २ जुलै १९८१ रोजी, आणि १९८३ मध्ये बंगलोरला निघून गेली. पुण्यात ही गोष्ट अजूनही हळहळत सांगितली जाते. पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेले सात इंजिनिअर, सुधा मूर्तींनी दिलेले दहा हजार रुपये, आणि दोनच वर्षांत हललेले बिऱ्हाड. कंपनीचा आजचा नोंदणी क्रमांक पाहिला तर त्यात 'केए' ही अक्षरे आणि त्यांना लागूनच १९८१ हे वर्ष दिसते. केए म्हणजे कर्नाटक. राज्य बदलले की क्रमांकातली अक्षरे बदलतात, जन्मवर्ष तेवढे तसेच राहते. त्यामुळे कागदोपत्री ही कंपनी जन्मापासूनच कन्नडिगा ठरली आहे!

ती गेली का, याचे उत्तर फार साधे आहे. तिला पहिले भारतीय गिऱ्हाईक मिळाले ते मायको, म्हणजे बॉशची भारतातली कंपनी, आणि मायको बंगलोरची होती. या कथेत कुठली करमाफी, कुठली एक खिडकी योजना, कुठला सामंजस्य करार येत नाही. गिऱ्हाईक जिथे, तिथे दुकान. पुढे हीच इन्फोसिस हिंजवडीत आली, मोठा कॅम्पस उभा केला आणि हजारो मराठी मुलांना नोकऱ्या दिल्या. मग १९८३ मध्ये पुण्याने नेमके काय गमावले? हा प्रश्न कुणी नीट विचारत नाही, आणि तो विचारल्याशिवाय 'कंपन्या आपली मुख्यालये वाढत्या शहरात का हलवतात' यावरची सगळी चर्चा हवेत राहते.

ती चर्चा पुण्यात दर पावसाळ्यात होते. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार सकाळी सकाळी हिंजवडीच्या पाहणीला गेले असताना आयटी पार्क बंगळुरू-हैदराबादकडे चालल्याचा त्रागा त्यांनी केला आणि तो कॅमेऱ्यात टिपला गेला. त्याआधी वर्षभर, दहा वर्षांत ३७ कंपन्यांनी हिंजवडी सोडल्याची बातमी गाजली होती. हिंजवडी सोडणे आणि पुणे सोडणे यांत फरक आहे, खराडीला किंवा बाणेरला गेलेली कंपनी पुण्यातच राहते, पण अशा बातमीवर आपल्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो सगळे संपले. दुसरा म्हणतो सवलती वाढवा, मुख्यालये आणा. मला दोघांचेही पटत नाही.

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत जी मोठी स्थलांतरे गाजली, त्यांचा दाखला आपल्याकडे सर्रास दिला जातो. ओरॅकलने डिसेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्निया सोडून टेक्ससमधल्या ऑस्टिनला मुख्यालय नेल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्रायझने ह्यूस्टनजवळ जायचे ठरवले. २०२१ मध्ये टेस्ला पालो आल्टोहून ऑस्टिनला गेली. यामागचे एक कारण करांचे होते. कॅलिफोर्निया व्यक्तिगत उत्पन्नावर १३.३ टक्क्यांपर्यंत राज्याचा आयकर घेते, टेक्सस शून्य. ज्याचे उत्पन्न कोट्यवधी डॉलरचे आहे, त्या वरच्या साहेबासाठी पत्ता बदलणे हाच मोठा फायदा.

आपल्याकडे हे कारण लागूच होत नाही. आयकर केंद्राचा आहे. हिंजवडीत जो दर, तोच हैदराबादच्या गच्चीबावलीत, तोच बंगळुरूच्या बेलंदूरला. राज्याचा म्हणून जो व्यवसाय कर आहे त्याला घटनेनेच वर्षाला माणशी अडीच हजारांची मर्यादा घातली आहे. अडीच हजार वाचवायला कुणी बिऱ्हाड हलवत नाही. तेव्हा 'अमेरिकेत शहरे कंपन्या पळवतात, आपणही पळवू' हे म्हणताना तिथला निम्मा मुद्दा आपल्याकडे अस्तित्वातच नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे.

आणि तिथेही पाटी हलली म्हणून सगळे हलले असे झाले नाही. टेस्लाने कॅलिफोर्नियाच्या नावाने बोटे मोडत राज्य सोडले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पालो आल्टोतच आपले जागतिक अभियांत्रिकी मुख्यालय जाहीर केले, तेही एचपीच्या जुन्या जागेत. इंजिनिअर तिथे होते, ते काही ऑस्टिनच्या विमानात बसायला तयार नव्हते. ओरॅकलची गंमत वेगळीच. ऑस्टिनला जाऊन चार वर्षे व्हायच्या आत लॅरी एलिसन यांनी एप्रिल २०२४ मध्ये सांगितले की आता मुख्यालय नॅशव्हिलला न्यायचे आहे. नॅशव्हिल हे अमेरिकेतल्या रुग्णालय-व्यवसायाचे माहेरघर, आणि ओरॅकलने २०२२ मध्ये सर्नर ही रुग्णालयांचे सॉफ्टवेअर करणारी कंपनी विकत घेतलेली. पुन्हा तेच, मायकोचेच कारण. फक्त चाळीस वर्षांनी आणि कितीतरी मोठ्या रकमेचे.

पण मला सगळ्यांत बोलके वाटते ते मायक्रोसॉफ्टचे उदाहरण. १९७५ मध्ये ती अल्बुकर्कीला सुरू झाली, कारण अल्टेअर संगणक बनवणारी एमआयटीएस ही तिची पहिली गिऱ्हाईक कंपनी तिथे होती. ती कंपनी १९७७ मध्ये विकली गेली. मग अल्बुकर्कीत थांबायला काही कारण उरले नाही, आणि जानेवारी १९७९ मध्ये गेट्स आणि ॲलन कंपनी घेऊन सिॲटलच्या शेजारी, बेलव्ह्यूला गेले. का? कारण दोघांची घरे तिथे होती, आणि चांगल्या प्रोग्रामरना न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात बोलावून घेणे अवघड जात होते. आता सिॲटल तेव्हा 'वाढते शहर' होते का? आठच वर्षांपूर्वी बोइंगने हजारो माणसे घरी बसवली होती, आणि 'सिॲटल सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे घालवावेत' अशा अर्थाचा फलक दोघा घरदलालांनी रस्त्यावर लावला होता. म्हणजे वाढत्या शहरात कंपनी आली नाही. दोन पोरे आपल्या गावी परतली आणि गाव नंतर वाढले.

पुण्याचा इतिहास याच वळणाचा आहे, फक्त आपण तो असा सांगत नाही. १९९० मध्ये पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू झाली. आनंद देशपांडे इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट करून, पालो आल्टोत एचपीच्या प्रयोगशाळेत काम करून परत आले होते. त्याच वर्षी केपीआयटी सुरू झाली, ती किर्तने आणि पंडित या पुण्यातल्या सीए फर्मच्या पोटातून. नावातला के आणि पी तिथलाच. अँटीव्हायरस बनवणाऱ्या क्विक हीलची मुळे तर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात आहेत. यांपैकी एकीलाही कुणी सवलत देऊन पुण्यात आणले नाही. माणसे इथली होती, किंवा इथे परत यावेसे वाटले म्हणून आली होती.

त्यांना लागणारा कच्चा माल मात्र आयता होता, आणि त्याचे श्रेय आयटी धोरणांना देण्याची आपली खोड चुकीची आहे. १८५४ पासून इथे अभियांत्रिकीचे शिक्षण आहे. टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज, किर्लोस्कर, भारत फोर्ज यांच्यामुळे यंत्र समजणारी दोन पिढ्यांची माणसे पिंपरी-चिंचवड, खडकी, मुंढवा पट्ट्यात राहत होती. १९८१ मध्ये टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र पुण्यात आले. १९८८ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक हे सरकारी संगणक संशोधन केंद्र उभे राहिले आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. केपीआयटी आज गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये का आहे, बँकांच्या का नाही, याचे उत्तर चाकणच्या रस्त्यावर मिळते. गाडी बनवणारे गिऱ्हाईक दाराशी होते. हिंजवडीची जमीन, एमआयडीसी, राजीव गांधी इन्फोटेक पार्कची पाटी हे सगळे या माणसांच्या मागून आले.

मग २००० नंतरच्या कंपन्यांचे काय झाले? ड्रुवा २००८ मध्ये पुण्यात सुरू झाली, आज तिचे मुख्यालय कॅलिफोर्नियात. माइंडटिकल पुण्यात जन्मली, मुख्यालय सॅन फ्रान्सिस्को. आयसर्टिसचे मुख्यालय बेलव्ह्यू, आणि इंजिनिअरांची मोठी फौज पुण्यात. या कंपन्यांवर रागावण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअर विकत घेणारा अमेरिकेत, पैसा लावणारा अमेरिकेत, आणि करार करताना अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचा कायदा लागू असला की वकिलालाही बरे वाटते. पाटी तिकडे, काम इकडे. उलटी घरवापसीही होते. फोनपेने २०२२ मध्ये आपली मूळ कंपनी सिंगापूरहून भारतात आणली, तेव्हा गुंतवणूकदारांना त्यापोटी सुमारे आठ हजार कोटी रुपये कर भरावा लागल्याचे सांगितले गेले. पाटी हलवणे किती महाग पडू शकते ते यावरून दिसते. आणि त्या आठ हजार कोटींच्या हिशेबात कुठल्या शहराच्या रस्त्यावर कुणी डांबर टाकले, असे मात्र ऐकिवात नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. काम इकडे असेल, पगार इकडे होत असतील, घरभाडे आणि रिक्षाचे पैसे इकडेच खर्च होत असतील, तर पाटी कुठे का असेना? मुख्यालय म्हणजे नुसता मान. पुणेकरांना मान लागतो हे खरे, पण मानाने पोट भरत नाही.

करांच्या बाजूने पाहिले तर आक्षेप बरोबरच आहे. कंपनीचा आयकर केंद्राला जातो. जीएसटी सेवा जिथे वापरली जाते त्या राज्याला जातो, आणि निर्यातीवर तो शून्य. शहराच्या हाती येतो तो मालमत्ता कर, आणि तो काचेच्या इमारतीत मुख्यालय आहे की शाखा, हे विचारत नाही.

पण तीन गोष्टी पाटीबरोबर जातात. मंदी आली की कुठली कचेरी बंद करायची, हे जिथे ठरते ती कचेरी सहसा शेवटी बंद होते. दुसरी गोष्ट सामाजिक खर्चाची. मोठ्या कंपन्यांना कायद्याने सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. कायदा म्हणतो, जिथे काम करता त्या परिसराला प्राधान्य द्या. पण कुठल्या शाळेला, कुठल्या दवाखान्याला, हे ठरवणारी समिती जिथे बसते तिथल्या शाळा तिला आधी दिसतात, हा माणसाचा स्वभाव आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. जिथे निर्णय होतात तिथे निर्णय घ्यायला शिकलेली माणसे तयार होतात. उत्पादन काय असावे, किंमत काय लावावी, कुठली कंपनी विकत घ्यावी, कुणाला काढावे, हे पंधरा वर्षे पाहिलेला माणूस चाळिशीत नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढतो, आणि ती आपल्याच गावात काढतो. इन्फोसिस गेली तेव्हा पुण्याने नोकऱ्या गमावल्या नाहीत, त्या हिंजवडीत परत आल्या. गमावली ती ही माणसांची साखळी. बंगळुरूत ती गेली चाळीस वर्षे गुंफली जाते आहे. आपल्याकडे पर्सिस्टंट आणि केपीआयटीने थोडी गुंफली. बाकी कॅम्पसांत आपण साहेबांचे निरोप पाळायला शिकलो, त्यात पारंगत झालो आणि त्याचा पगारही चांगला घेतला. अलीकडे 'जीसीसी'चे कौतुक चालू आहे, म्हणजे परदेशी कंपन्यांची इथली स्वतःची केंद्रे. बार्कलेज, मास्टरकार्ड, जॉन डिअर, बीएनवाय, नावे मोठी आहेत. या केंद्रांत निर्णयाचा किती वाटा इथल्या माणसाकडे आहे, हे मी पहिले विचारेन. खुर्च्या किती, हे नंतर.

तेव्हा पुण्याला मुख्यालय हवे का? हवे. पण बाहेरून उचलून आणलेले नको. इथे जन्मलेल्या कंपन्यांच्या चालकांना इथेच राहून निर्णय घ्यावेसे वाटले पाहिजे. आणि ते कशावर ठरते, याचा विचार केला की आपण एकदम रस्ता, पाणी आणि विमानतळ यांवर येऊन आदळतो.

बावीस वर्षांच्या पोरासाठी पुण्यासारखे गाव नाही. लातूर, नांदेड, जळगाव, अकोल्याहून आलेला मुलगा वाकडला किंवा कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहतो, डबा लावतो, सेकंडहँड दुचाकी घेतो. कंपन्यांना तो स्वस्तात मिळतो आणि त्याला शहर परवडते. या वयात पुणे देशातल्या कुठल्याही शहराला हरवते. प्रश्न येतो तो हाच माणूस चाळिशीचा झाल्यावर. आता बायकोही नोकरी करते. एकाचे ऑफिस हिंजवडीला, एकाचे खराडीला. शहराच्या दोन टोकांना दोन आयटी पट्टे, मध्ये नदी, पेठा, कॅम्प आणि सिग्नल. घर कुठे घ्यायचे? मधोमध घेतले तर दोघेही रोज दोन तास रस्त्यावर. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराभोवती उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग दाखवला होता. एचसीएमटीआर हे त्याचे नाव पुणेकरांना पाठ आहे, मार्ग मात्र झाला नाही. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले, काम सुरू व्हायला २०२१ चा शेवट उजाडला, आणि नंतर मुदती उलटत राहिल्या. ज्या माणसाने निर्णय घ्यायचे, त्याची सकाळ हिंजवडीच्या वाटेवर भूमकर चौकातल्या कोंडीत जाते.

पाण्याचे काय सांगावे! चार धरणे शहराच्या उशाला असताना बाणेर-बावधनच्या सोसायट्या टँकर मागवतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड-किरकटवाडी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि बोट पिण्याच्या पाण्याकडे गेले. ही गावे २०२१ मध्येच महापालिकेत आली होती. तेव्हा २३ गावे घेऊन पुणे महापालिका क्षेत्रफळाने मुंबईपेक्षा मोठी झाल्याचे अभिमानाने छापून आले होते.

विमानतळाची अडचण वेगळ्या जातीची आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले, ते देखणे आहे, पण टर्मिनलने धावपट्टी लांब होत नाही. एके काळी लुफ्तान्साचे फ्रँकफर्टचे विमान पुण्यातून उडत असे. आज युरोप-अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला भेटायचे तर आधी घाट उतरून मुंबई गाठायची, किंवा दिल्लीला जायचे. ज्याची गिऱ्हाइके परदेशात, त्याला हा एक दिवस दरवेळी मोजावा लागतो.

यावर पुरंदरचा विमानतळ हा उतारा सांगितला जातो आणि तिथल्या सात गावांतल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, म्हणून त्यांना विकासाच्या आड येणारे ठरवले गेले. मला हे पटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर दोन उदाहरणे आहेत. एक, एमआयडीसीने जमीन घेतली, मोबदला दिला, आणि पुढच्या वीस वर्षांत भाव कुठल्या कुठे गेला तो दुसऱ्यांसाठी. दुसरे मगरपट्ट्याचे. हडपसरजवळ सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेच्या वर एकर जमीन विकली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा, आणि स्वतःच वसाहत उभारली. सायबरसिटीही त्यातच झाली. शेतकऱ्याची मुले ठेकेदार झाली, कंपन्यांकडून येणाऱ्या भाड्यात त्यांचा वाटा राहिला. नकार देणाऱ्या शेतकऱ्याला दुसरा पर्याय माहीत आहे, तो मागे ठेवून सरकार पहिलाच पुढे करते, तर त्याने 'हो' का म्हणावे? आणि मगरपट्टा होऊन इतकी वर्षे झाली, तो सरकारी धोरणात का उतरला नाही, याचे उत्तर तर कुणीतरी द्यायलाच हवे.

कुणी म्हणेल, बंगळुरूचे रस्ते काय कमी वाईट आहेत? तिथून कंपन्या का जात नाहीत? प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्लॅकबक या मालट्रक वाहतुकीतल्या कंपनीच्या प्रमुखांनी बेलंदूरच्या रस्त्यांना कंटाळून तिथून निघत असल्याचे जाहीर लिहिले. आंध्रच्या मंत्र्यांनी लगेच विशाखापट्टणमचे आमंत्रण दिले. कंपनी राहिली बंगळुरूतच. झेप्टो तर मुंबईत वाढलेली, ती मुख्यालय घेऊन बंगळुरूला गेली. खड्ड्यांची कीर्ती माहीत असूनही. कारण तिथे आज नोकरी सोडली तर उद्या दोन गल्ल्या पलीकडे दुसरी मिळते, पैसा लावणारा कॉफीला भेटतो, आणि मोठी कंपनी चालवलेली माणसे बोलावली की दुसऱ्या दिवशी येतात. ज्या शहरात ही साखळी आहे, त्याचे खड्डे माफ होतात. पुण्याची साखळी अजून तेवढी दाट नाही, म्हणून आपल्याला खड्डे परवडत नाहीत. बंगळुरूशी तुलना करून स्वतःचे समाधान करून घेणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

आता सवलतींकडे. बाहेरून कंपनी यावी म्हणून मुद्रांक शुल्क माफ, वीज स्वस्त, जमीन पडेल भावात, हे जावयाच्या मानपानासारखे आहे. कितीही केले तरी दुसऱ्या घरी जास्त झाले की तो तिकडे वळतो. ॲमेझॉनने सप्टेंबर २०१७ मध्ये दुसऱ्या मुख्यालयासाठी शहरांकडून प्रस्ताव मागवले, तेव्हा उत्तर अमेरिकेतून २३८ आले. न्यूयॉर्कने सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या, निवडही झाली, आणि स्थानिकांचा विरोध पाहून फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने अंग काढून घेतले. व्हर्जिनियाने कंपनीला बरेच कमी दिले आणि मोठी रक्कम संगणक शिक्षणावर लावली, व्हर्जिनिया टेकचे नवे संकुल अलेक्झांड्रियाला उभे केले. पुढे ॲमेझॉनने तिथल्या दुसऱ्या टप्प्याचे बांधकाम २०२३ मध्ये लांबणीवर टाकले. पण संकुल राहिले. उद्या ॲमेझॉन गेली तरी ते राहील. पुण्याने सीओईपी या जुन्या अभियांत्रिकी संस्थेवर, विद्यापीठाच्या संगणक विभागावर, आयटीआयवर केलेला खर्चही असाच गावात राहतो. कंपनीला दिलेली करमाफी तिच्या ताळेबंदात जाते आणि ताळेबंद तिच्याबरोबर निघून जातो.

एवढे सगळे म्हटल्यावर हिंजवडीकडे परत पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. देशातल्या नामांकित आयटी पार्कांपैकी एक असलेला हा भाग कुठल्याच महापालिकेत नाही. पार्क एमआयडीसीचा, गावे हिंजवडी, माण, मारुंजीच्या ग्रामपंचायतींची, नियोजन पीएमआरडीएचे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, वाहतूक पिंपरी-चिंचवड पोलिसांची, बाहेरचा महामार्ग आणखी कुणाचा. २०२५ च्या पावसाळ्यात इथल्या रस्त्यांवर पाणी तुंबल्याचे व्हिडिओ देशभर फिरले, तेव्हा नैसर्गिक नाले कुणी बुजवले यावर नोटिसा निघाल्या आणि जबाबदारी कुणाची यावर बैठका झाल्या. ज्या पार्कच्या इमारतींतून जगभरच्या बँकांची यंत्रणा चालते, त्याच्या गटाराचा मालक सापडायला उपमुख्यमंत्र्यांना पहाटे यावे लागले.

हिंजवडीला पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्या, ही मागणी रहिवासी आणि आयटीतले लोक जोरात करतात. मी तिच्या बाजूचा आहे, पण डोळे मिटून नाही. नांदेड आणि किरकटवाडी महापालिकेत येऊन साडेतीन वर्षे झाली तेव्हा काय झाले ते वर आलेच आहे. त्यांच्याबरोबरच महापालिकेत आलेल्या वाघोलीकरांना विचारा. शिवाय मार्च २०२२ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षे उलटून गेली तरी कारभार प्रशासकच पाहत होते. ज्या काळात शहर सर्वांत वेगाने पसरले, त्याच काळात वॉर्डातल्या माणसाला जाब विचारायला नगरसेवक नव्हता. हद्दीत घेतले आणि पैसा, पाइपलाइन, निवडून आलेला माणूस बरोबर आला नाही, तर फक्त कराची पावती बदलते.

म्हणून मागणी थोडी पुढे न्यावी लागेल. आयटी पार्क आणि त्याच्या भोवतीच्या गावांतून गोळा होणारा मालमत्ता कर, एमआयडीसीचा सेवा आकार, बांधकाम परवानग्यांतून पीएमआरडीएला मिळणारे विकास शुल्क, हे सगळे एका खात्यात यावे. त्यातून आधी नाले, मग पाणी, मग गावाच्या आतले रस्ते व्हावेत, आणि दरवर्षी त्याचा हिशेब निवडून आलेल्या माणसाने हिंजवडीतच उभे राहून द्यावा. जमीन लागेल तिथे मगरपट्ट्यासारखा हिस्सा द्यावा. यात मुख्यालय आणण्याची एकही घोषणा नाही, त्यामुळे निवडणुकीच्या सभेत टाळ्या पडणार नाहीत. पण माण आणि मारुंजीच्या मतदाराने आणि वाकडच्या भाडेकरूने, ज्याचे नाव बहुतेक वेळा अजून गावाकडच्याच मतदार यादीत असते, ही मागणी लावून धरली तर तिच्यावर बोलणे कुठल्याही पक्षाला टाळता येणार नाही. त्या भाडेकरूने आधी आपले नाव इथल्या यादीत घालावे.